दुसऱ्यांची घरं पाहणारे अण्णा

नव्या घरात शिरलं की माणसं आधी खिडक्या बघतात, मग देवघर कुठं येईल ते बघतात. आमचे अण्णा नव्या घरात शिरले की आडवे व्हायचे. डोक्याचं पागोटं काढून कोनाड्यात ठेवायचं, कोट काढून त्याची घडी उशाला घ्यायची आणि मधल्या खोलीत जमिनीवर सरळ उताणं पडायचं. घर विकणारा माणूस दारात अवघडून उभा. घेणारा त्याच्याहून अवघडलेला. अण्णा मात्र छताकडे बघत शांत. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "उभ्या माणसाला घर खोटं बोलतं. त्याला वाटतं, हा आता जाणार. निजलेल्या माणसाशी जरा खरं बोलतं."

कौलांतून येणारा उजेडाचा ठिपका, वाशाला आलेला बाक, गिलाव्यावर उमटलेला ओलीचा नकाशा, हे सगळं त्यांना निजूनच दिसायचं. मग ते उठायचे, धोतर झटकायचे आणि पुढच्या खोलीत जाऊन पुन्हा आडवे व्हायचे.

अण्णा धारवाडच्या कोर्टात वकील होते. मी नुकती सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. माळमड्डीत भाड्याच्या घरात ते आणि वैनी असे दोघेच राहत. मूलबाळ नव्हतं. पक्षकार निम्मे धारवाडचे आणि निम्मे हुबळीच्या दाजीबानपेठेतले कापडवाले. त्यामुळे आठवड्यातून एकदोनदा सकाळच्या गाडीनं आम्ही हुबळीला जायचो. ते दिवस हुबळी पसरण्याचे होते. रेल्वेचा कारखाना, गिरण्या, शाळा यांच्यामुळं गावाबाहेरची शेतं बघता बघता घरांची होत होती. कंत्राटदार ओळीनं घरं बांधायचे आणि रंगाचा वास जायच्या आत विकायचे. अशी घरं घेणारे लोक कागद तपासायला अण्णांकडं यायचे. अण्णा म्हणायचे, "कागद पळून जात नाहीत. आधी घर दाखवा."

ही सवय कशी लागली ते त्यांनीच मला एकदा गाडीत सांगितलं. वकिली नवी होती तेव्हा एका पक्षकाराच्या नव्या घराचे सगळे कागद त्यांनी तपासले. उतारे बघितले, बोजा नाही याची खात्री केली, खरेदीखत असं लिहिलं की त्यात सुई शिरू नये. दुसऱ्या पावसाळ्यात त्या घराची मागची भिंत बसली. माणसं वाचली, पण स्वयंपाकघर गेलं. तो पक्षकार पेढे घेऊन अण्णांकडं आला आणि मनापासून म्हणाला, "भिंत पडली हो वकीलसाहेब, पण कागद मात्र पक्के आहेत." तो टोमणा नव्हता, हेच अण्णांना लागलं. त्या दिवसापासून कोटाच्या खिशात भिंत सरळ आहे का ते बघायचा गवंड्याचा ओळंबा आला. कोर्टात रुमाल काढताना तो कधीकधी टेबलावर पडायचा, आणि नवीन आलेले मुन्सफ त्याच्याकडं संशयानं बघायचे.

घर विकणाऱ्याला ते काहीच विचारत नसत. म्हणायचे, "त्याला विचारू नये. तो उत्तर देतो." ते विचारायचे पाणी भरायला चाललेल्या बायकांना, शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याला, रस्त्यावर बसलेल्या भाजीवालीला. अण्णांचं कानडी आमच्या सगळ्यांपेक्षा गोड होतं. "यवा, मळीगालदाग इल्ली नीर निंदरतावेनु?" असं विचारत ते भाजीवालीपुढं उकिडवे बसायचे. पावसाळ्यात इथं पाणी साचतं का, एवढाच प्रश्न. पण त्याच्या उत्तरात ती बाई त्या जमिनीचा, तिच्या मालकाचा आणि त्याच्या भावाभावांतल्या भांडणाचा सगळा इतिहास सांगून टाकायची. मग येताना वांगी घ्यावीच लागायची. अण्णांच्या घरी कायम वांगी असत.

शेवटची परीक्षा वैनींची असे. स्वयंपाकघराचा धूर कुठं जातो ते बघायचं म्हणून अण्णा त्यांना घेऊन जायचे. वैनी चूल पेटवायच्या, चहाचं आधण ठेवायच्या आणि डोळ्यांना पाणी येतं का ते सांगायच्या. धूर राहिला तर अण्णा मालकाला वर धुराडं काढायला सांगायचे आणि ते झाल्याशिवाय पुढची बोलणी करायचे नाहीत. एकदा असाच कुणाच्या तरी कोऱ्या स्वयंपाकघरात वैनींनी मला कप दिला आणि सहज म्हणाल्या, "हुबळी-धारवाडातल्या किती घरांतला पहिला चहा माझ्या हातचा आहे बघ. बायका मला ओळखतसुद्धा नाहीत." आवाजात तक्रार नव्हती. अण्णा बाहेर भिंतीला ओळंबा लावत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. स्वतःसाठी त्यांनी अनेक घरं पाहिली होती आणि सगळ्यांत काही ना काही निघालं होतं.

अण्णांचे एक बालमित्र होते. हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. दोघं एका पाटीवर धुळाक्षरं शिकलेले, अजून एकमेकांना अरेतुरे करणारे. मास्तर शाळेजवळच एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत राहत. त्यांच्या पत्नीला सगळे ताई म्हणत. आयुष्यभर काटकसर करून त्या दोघांनी घराची तयारी केली होती. गावाबाहेर एका कंत्राटदारानं ओळीनं चार घरं बांधली होती, त्यातलं टोकाचं घर त्यांना पसंत पडलं होतं. मागं थोडी मोकळी जागा होती. तुळस कुठं लावायची तेही ताईंनी ठरवून ठेवलं होतं. फक्त अण्णांनी एकदा पाहायचं राहिलं होतं.

आम्ही गेलो. घर देखणं होतं. अण्णा सगळ्या खोल्यांत निजून झाले. लाकूड अळणावरच्या जंगलातलं, चांगलं वाळलेलं. दारं बोटानं ढकलली तर मिटत होती. वैनींच्या चुलीचा धूर सरळ वर गेला. मास्तरांचा चेहरा उजळत चालला होता. शेवटी अण्णा बाहेर आले आणि भिंतीकडेनं चालू लागले. ती सगळी जमीन काळी होती. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्यावर बसलेलं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. खाली मुरूम लागेपर्यंत पाया नेला असेल तरच घर टिकतं. अण्णांनी कंत्राटदाराला विचारलं, तो म्हणाला मुरमापर्यंत नेलाय. अण्णा म्हणाले, "मग या भिंतीपाशी एवढा खड्डा खणून दाखवा."

कंत्राटदार हा गवंडीकामातून वर आलेला मानी माणूस. त्यानं भिंतीलगत फरशी बसवून घेतली होती. ती उचकटायला त्याची तयारी नव्हती. तो म्हणाला, उभ्या भिंतीचा पाया उघडा करायचा म्हणजे तिचा अपमान आहे, आणि माझाही. शब्दावर विश्वास नसेल तर घर घेऊ नका. अण्णांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं. आजूबाजूला विचारायलाही कुणी नव्हतं, बाकीची तीन घरं रिकामी आणि पुढं सगळी शेतंच होती.

परत येताना टांग्यात अण्णा मास्तरांना म्हणाले, "घेऊ नकोस."

"का रे?"

"खणू देत नाही म्हणजे खाली काही नाही. उत्तर टाळणारा साक्षीदार मी रोज बघतो."

मास्तरांनी वाद घातला नाही. घर सोडलं. महिन्याभरात ते दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्यानं घेतलं. ना कुणाला विचारलं, ना काही तपासलं. वाजंत्री लावून वास्तुशांत केली आणि राहायला गेला.

त्यानंतर अण्णांना एक नवीनच सवय लागली. हुबळीत काम असलं की परतीच्या गाडीआधी ते टांगा त्या घराकडं वळवायचे. रस्त्यावर उतरून भिंतीकडेनं हळूहळू चालायचे, कोपऱ्यांवर बोट फिरवायचे, खिडकीच्या खालच्या अंगाला वाकून बघायचे. काळ्या जमिनीवरच्या घराला पहिली भेग तिथंच पडते. सुरुवातीला तो कापडवाला संशयानं बाहेर यायचा. मग त्याला हा म्हातारा वकील निरुपद्रवी आहे असं कळलं आणि तो चहा पाठवायला लागला. "काय वकीलसाहेब, पडली का भेग?" असं हसत विचारायचा. अण्णा प्रामाणिकपणे सांगायचे, "अजून नाही."

पावसाळे गेले, उन्हाळे गेले. भेग पडली नाही. मधे एक उन्हाळा इतका कडक झाला की आसपासच्या शेतांत हात जाईल एवढ्या चिरा पडल्या होत्या. अण्णा त्या चिरांतून पाय उचलून टाकत घरापाशी गेले आणि भिंतीजवळ खूप वेळ उभे राहिले.

मग जर्मनीशी दुसरी लढाई सुरू झाली. लाकूड, लोखंड, सिमेंट सगळं महागलं, मिळेनासं झालं. मास्तर निवृत्त झाले. घराचा विषय त्यांच्या माडीवर कुणी काढेना. अण्णा जायचे, जेवायचे, मास्तरांबरोबर जुन्या गोष्टी काढून हसायचे. ताई वाढायच्या, आग्रह करायच्या, सगळं पूर्वीसारखं करायच्या. फक्त त्या पूर्वी अण्णांची थट्टा करायच्या, ती आता करत नसत.

एका हिवाळ्यात कापडवाल्यानं अण्णांना मुद्दाम निरोप पाठवला. त्याला त्याच भिंतीला लागून न्हाणीघर वाढवायचं होतं, आणि पायासाठी चर खणला होता. "इतकी वर्षं वरून बघताय, आता खालून बघा," असं त्यानं कळवलं होतं. आम्ही गेलो. फरशी काढलेली होती, आणि चरात जुना पाया उघडा पडला होता. अण्णा कोर्टाच्या कोटासकट चरात उतरले. घडीव दगडाचे थर खाली रुंद होत गेले होते, आणि सगळ्यात खालचा थर पिवळ्या घट्ट मुरमात बसला होता. दगडांमधल्या चुन्यात नख शिरत नव्हतं. अण्णांनी तळहात दगडावर ठेवला. एखाद्या तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मी हात दिला आणि ते वर आले. कापडवाल्यानं चहा मागवला होता. अण्णा म्हणाले, "आज नको." आणि मला म्हणाले, "टांगा बोलाव. मास्तरांकडं जायचंय."

माडीवर मास्तर पेपर वाचत होते. ताई तांदूळ निवडत होत्या. अण्णा बसलेही नाहीत. धोतराला माती तशीच होती.

"त्या घराचा पाया मुरमात आहे. मी आत्ता बघून आलो. मी चुकलो."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून मी घेतलं नाही, हे खरं. पण मी विचारलं म्हणून तू सांगितलंस, हेही खरं. बस."

अण्णा बसले नाहीत. ते ताईंकडं बघत होते. ताईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या विचारू लागल्या. रागावून नाही, बरेच दिवस मनात असलेलं विचारावं तसं.

"अण्णा, तुम्ही इतकी वर्षं तिथं जात होता ते आम्हाला माहीत आहे. भेग पडावी म्हणून जात होता, की पडू नये म्हणून?"

अण्णांनी धोतरावरची माती झटकली. मग म्हणाले, "आधी पडावी म्हणूनच जात होतो. पडली असती तर मी बरोबर ठरलो असतो आणि तुम्ही वाचला असता. मग त्या कडक उन्हाळ्यात शेतं फाटली आणि भिंत तशीच राहिली. त्या दिवशी मनात आलं की आपलं चुकलं. पण खणून बघितल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय."

"आणि 'घेऊ नकोस' म्हणालात, तेव्हा कुठं खणून बघितलं होतंत?"

खाली रस्त्यावर टांग्याचा घोडा खूर आपटत होता. अण्णांनी मान खाली घातली. ताई उठल्या, आत गेल्या आणि ताकाचा पेला घेऊन आल्या. "बसा की. उभ्यानं काय पिताय," म्हणाल्या. मग अण्णा बसले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला अळणावरला चलायला सांगितलं. तो कंत्राटदार आता तिथं लाकडाच्या व्यापारात होता. स्टेशनाबाहेरच्या वखारीत ओंडक्यांच्या राशीत तो आम्हाला सापडला. केस पांढरे झाले होते, पण मान तशीच ताठ. अण्णांनी हात जोडून सगळी हकीकत सांगितली. आपण त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवला, आणि तोच खरा होता, असं कानडीत दोनदा म्हणाले. तो लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी म्हणाला, "याव मनी री, साहेब?" कुठलं घर? त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानं तशी कितीतरी घरं बांधली होती, आणि खणू न दिल्यामुळं कितीतरी गिऱ्हाइकं गेलीही होती. अण्णांची समजूत घालायला त्यानं आम्हाला सागाची एक सुंदर फळी दाखवली. परतीच्या गाडीत अण्णांना हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलेलं ते हसू थांबेना.

पण त्यानंतर त्यांनी घरं पाहणं सोडलं. कुणी आलं तर कागद तपासून द्यायचे आणि घरासाठी एखाद्या ओव्हरसियरचं नाव सांगायचे. लोकांना ते रुचेना. माझ्या हातात ओळंबा देऊन "आता तू बघ" म्हणाले, तेव्हा मलाही रुचलं नाही. वैनींना तर त्यांची काळजी वाटायला लागली. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा माणूस हल्ली भाजीवालीशीसुद्धा बोलत नाही रे. घरात वांगं नाही."

वैनींनी मग जे केलं त्याचा मला पत्ता लागला तो सगळं झाल्यावर. माळमड्डीत एका निवृत्त मामलेदारांनी दोन मुलांसाठी म्हणून नवं घर बांधलं होतं. मधे एक भिंत, दोन्ही बाजूंना सारख्या खोल्या, दोन स्वयंपाकघरं. मुलं नोकरीसाठी पुण्याकडं गेली ती परत येईनात, तेव्हा त्यांनी घर विकायला काढलं. वैनींनी हे देवळात ऐकलं. दुसऱ्या दिवशी अण्णा कोर्टात गेल्यावर त्या एकट्या गाडीत बसल्या, हुबळीला गेल्या आणि ताईंना घेऊन आल्या. दोघींनी घर बाहेरून पाहिलं. मग रात्रीच्या जेवणाआधी दोघींनी मिळून अण्णांना सांगितलं की हे घर आपण चौघांनी घ्यायचं आहे, अर्धं अर्धं, आणि ते आतून पाहायचं काम आम्ही दोघी करणार आहोत.

ठरलेल्या दिवशी मास्तर आले. मीही होतो. मामलेदारांनी कुलूप काढलं, आणि दोघी आत गेल्या. अण्णा पायरीवरच बसले. कोट अंगात, पागोटं डोक्यावर, हात गुडघ्यांवर. आतून दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. दोघींचं काहीतरी कुजबुजणं, मग हसणं. मास्तर दोनदा आत डोकावून आले. अण्णा समोरच्या कडुनिंबाकडं बघत राहिले. त्यांना किती अवघड जात होतं ते त्यांच्या हातांवरून कळत होतं. बोटं गुडघ्यावर सारखी हलत होती.

मामलेदारांना हे विचित्र वाटलं असावं. ते म्हणाले, "वकीलसाहेब, पाया कुठवर नेलाय ते बघायचं असेल तर मागं खणून दाखवतो."

मी अण्णांकडं बघितलं. ते अर्धवट उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "आत विचारा. त्या सांगतील."

आतून ताईंचाच आवाज आला, "खणा हो. जरूर खणा."

मग मागं एक हमाल लावून खणलं गेलं. ताई आणि वैनी पदर खोचून खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि मुरूम लागेपर्यंत हलल्या नाहीत. अण्णा पायरीवरच. शेवटी दोघी हात झटकत पुढं आल्या. ताई म्हणाल्या, "अण्णा, आम्हाला पसंत आहे. तुम्ही एकदा आत येऊन बघता का?"

अण्णा उठले. "तुम्हाला पसंत आहे ना?"

"आहे."

"मग मी राहायला आल्यावर बघीन."

कागद मात्र त्यांनी स्वतः तपासले, आणि मग मला तपासायला लावले. तेवढी सूट दोघींनी दिली.

त्या घरात चौघं बरीच वर्षं राहिले. मी संध्याकाळी जायचो. अण्णांच्या बाजूच्या बैठकीची एक खिडकी नीट लागत नसे. लाकूड थोडं फिरलं होतं. दोघींच्या नजरेतून तेवढं सुटलं होतं. आषाढात धारवाडचा वारा सुटला की ती आपटायला लागायची. मी सुताराचं नाव काढलं तर अण्णा विषय बदलायचे. एका संध्याकाळी मास्तर आणि अण्णा बोलत बसले होते, आणि खिडकी जोरात आपटली. अण्णा उठले, तिच्यापाशी खुर्ची ओढून बसले, एक हात झडपेवर दाबून धरला आणि राहिलेलं वाक्य पुढं सुरू केलं.

आतून ताईंनी विचारलं, "कसला हो आवाज?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "वारा आहे."